त्याच्या विक्रमांवर पहारा कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका नाशिकच्या, वय 43, सहकारी बँकेत नोकरी. 2014 मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि रात्रीची जागरणं यांच्याकडे होती. त्या दिवसांत मोबाइलवर जपानचा फिगर स्केटर युझुरू हान्यू पहिल्यांदा दिसला आणि पुढची आठ वर्षं त्याची एकही स्पर्धा त्यांनी सोडली नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तो पडला, चौथा आला आणि त्याच वर्षी 19 जुलैला त्याने स्पर्धांना रामराम ठोकला. तेव्हापासून यांना स्केटिंग बघवत नाही. रोज रात्री मात्र ऑनलाइन वाद चालतात, कधी ‘हरून गेला’ म्हणणाऱ्यांशी, तर कधी ‘त्याचे विक्रम कधीच मागे पडले’ म्हणणाऱ्यांशी. सोळा वर्षांची मुलगी अमेरिकेच्या इलिया मलिनिनची फॅन आहे. त्याने मारलेल्या क्वाड ॲक्सेल या अतिशय अवघड उडीचा व्हिडिओ तिने कौतुकाने दाखवला, तेव्हा या काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेल्या. तेव्हापासून मायलेकींमध्ये तो विषय बंद आहे. यजमान म्हणतात, ‘कोण कुठला तो जपानी मुलगा, आणि तू घरातलं कुणी गेल्यासारखी बसतेस.’ त्यांचे प्रश्न असे : या वयात हे वेड बरं का? मुलीशी कसं बोलू? आणि आरडी मोडून त्याचा शो बघायला जपानला जाऊ का?

ताई,

तुमच्या यजमानांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते वाक्य तुम्हाला लागलंय हे पत्रात दिसतं. 16 नोव्हेंबर 2013 ला सचिन वानखेडेवर शेवटचं बोलला, तेव्हा या राज्यात किती मोठी माणसं टीव्हीसमोर रडली, आठवून बघा. बँकेतले, कचेरीतले, नातवंडं असलेले लोक. त्यांना कुणी विचारलं नाही की हा तुमचा कोण लागतो. तुमचं दुःख त्याच जातीचं आहे. फरक एवढाच की त्यांच्याबरोबर सगळी गल्ली रडत होती आणि तुम्ही एकट्या आहात. तुमच्या ओळखीत क्वाड लूप म्हणजे काय हे कळणारं दुसरं कुणी नसेल. एकट्याचं दुःख लोकांना वेड वाटतं, आणि हळूहळू आपल्यालाही तसं वाटायला लागतं. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे : वय त्रेचाळीस असो की त्र्याहत्तर, आठ वर्षं जीव लावून बघितलेली गोष्ट थांबली की पोकळी जाणवणारच. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

मला काळजी वाटते ती रात्रीच्या वादांची. त्यावर जरा सविस्तर बोलू या.

तुम्ही लिहिता, ‘तो हरून गेला असं म्हटलं की मला राहवत नाही.’ म्हणजे बीजिंगचा चौथा क्रमांक हा त्याच्या कारकिर्दीवरचा डाग आहे हे तुम्हीही मनात कुठेतरी धरून चाललात, आणि तो डाग कुणी बोलून दाखवला की चिडता. मी तुम्हाला त्या दिवसाकडे पुन्हा बघायला सांगेन. तो दिवस होता 10 फेब्रुवारी, गुरुवार. आपल्याकडे सकाळ, म्हणजे तुम्ही बहुतेक डबे भरता भरताच बघितलं असणार. स्पर्धेच्या आधीच्या, छोट्या भागात, म्हणजे शॉर्ट प्रोग्रॅममध्ये बर्फातल्या एका खाचेत त्याचं पातं अडकलं होतं, पहिली उडी गेली होती आणि 95.15 गुणांवर तो आठवा होता. त्यात फ्री प्रोग्रॅमच्या, म्हणजे दुसऱ्या, लांब भागाच्या आदल्या दिवशी सरावात उजवा घोटा मुरगळला. वेदना थांबवणारं इंजेक्शन घेऊन आपण उतरलो, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं. अशा स्थितीत अनुभवी खेळाडू काय करतो? हातातल्या, हमखास येणाऱ्या उड्या मारतो आणि वर सरकण्याचा प्रयत्न करतो. हान्यूने पहिलीच उडी क्वाड ॲक्सेल घेतली. ॲक्सेलची झेप समोर तोंड करून घेतात आणि उतरतात पाठमोरं, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त. चार म्हटलं तरी हवेत साडेचार गिरक्या. तोवर कुठल्याही स्पर्धेत ती कुणी पूर्ण केलेली नव्हती. तो पडला, गिरकी थोडी अपुरी राहिली, पण पंचांच्या कागदावर ती क्वाड ॲक्सेल म्हणूनच नोंदली गेली. अशी ती पहिलीच नोंद. नंतर आणखी एक उडी फसली आणि उरलेला कार्यक्रम त्याने ज्या तोलाने पुरा केला, तो मी स्वतः अनेकदा बघितला आहे. एकूण 283.21 गुण, चौथा क्रमांक.

ही उडी त्याच्यावर कुणी लादली नव्हती. तोवर त्याच्याकडे सोची (2014) आणि प्योंगचँग (2018) ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं होती. अमेरिकेच्या डिक बटनने 1948 आणि 1952 मध्ये लागोपाठ सुवर्ण घेतल्यावर पुरुष एकेरीत पुन्हा तसं करायला दुसऱ्या कुणाला सहासष्ट वर्षं लागली, आणि तो हान्यू होता. प्योंगचँगच्या तीनच महिने आधी ओसाकाच्या सरावात त्याच घोट्याला जबर दुखापत झाली होती. त्यानंतर मधे एकही स्पर्धा न खेळता तो थेट ऑलिम्पिकला आला आणि 317.85 गुणांनी जिंकला. तिथेच थांबला असता तर आज तुम्हाला कुणाशी वाद घालावा लागला नसता. पुढची चार वर्षं तो थांबला नाही, ते मुख्यतः या एका उडीसाठी. त्याने काय निवडलं हे त्याला नीट ठाऊक होतं. मग ते तुम्ही झाकायचं कशासाठी?

दुसरा वाद विक्रमांचा. इथे तुमची बाजू तशीही पक्की आहे, पण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना एक साधी गोष्ट ठाऊक नसावी असं वाटतं. 2018 नंतर गुण देण्याची पद्धतच बदलली. आधी प्रत्येक घटकाच्या दर्जासाठी उणे तीन ते अधिक तीन असे गुण असायचे, ते उणे पाच ते अधिक पाच झाले. पुरुषांचा फ्री प्रोग्रॅम साडेचार मिनिटांवरून चार मिनिटांवर आला, एक उडी कमी झाली. त्याच वेळी आधीचे सगळे उच्चांक ‘ऐतिहासिक’ म्हणून वेगळे काढले गेले आणि नवी पाटी कोरी सुरू झाली. म्हणजे बार्सिलोनात 2015 च्या डिसेंबरमध्ये त्याने केलेले 330.43 त्या जुन्या पद्धतीतले सर्वोच्च म्हणून कायमचे बंद झाले आहेत. अमेरिकेचा स्केटर नेथन चेन याचे 2019 मधले 335.30 वेगळ्या मापाने मोजलेले आहेत. हे दोन आकडे एकमेकांसमोर उभे करून रात्र घालवण्यात काहीही हाती लागणार नाही, आणि चेनसारख्या खेळाडूचा पाणउतारा केल्याने हान्यू तसूभरही उंच होत नाही. तुम्ही चेनबद्दल पत्रात जे लिहिलंय, ते हान्यूने कधी लिहिलं असतं असं मला वाटत नाही.

या वादांनी तुमची झोप जाते, सकाळी बँकेत डोळे चुरचुरतात, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून ते ॲप फोनवरून काढा. खातं बंद करायची गरज नाही. बघायचंच झालं तर रविवारी दुपारी संगणकावर बघा. ज्या दोन-तीन मैत्रिणी तुम्हाला त्याच्या चाहत्यांच्या ऑनलाइन गटात मिळाल्या, त्यांना थेट फोन करा. आयुष्यात खरी भर पडली ती त्यांची. आणि रात्रीचा जो तास मोकळा होईल, त्यात त्याचा एखादा जुना प्रोग्रॅम लावा, गुणांची पाटी दिसायच्या आत बंद करा.

तुमच्या पत्रात एक वाक्य मध्येच येऊन गेलंय, तुमच्याही लक्षात आलं नसेल. ‘सासूबाई गेल्यावर मला वाटलं होतं आता रात्री शांत झोपेन, पण सवय राहिली.’ ताई, त्या रात्री घरात दुसरं कुणी जागं नव्हतं. औषधाच्या वेळा, कूस बदलणं, आणि मधल्या तासांत तो मुलगा बर्फावर. त्याच्या गोष्टीतही घर हादरणं होतं. 11 मार्च 2011 ला जपानमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा तो सेंदाई या आपल्या गावच्या रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, सराव करत होता आणि पायातले स्केट्स न काढता बाहेर पळाला. वय सोळा. घरच्यांबरोबर काही दिवस निवारा केंद्रात काढले. रिंक बंद पडली, तेव्हा गावोगावच्या आइस शोमध्ये भाग घेत त्याने सराव टिकवला. लहानपणापासून दमा, हे आणखी वेगळंच. दमलेल्या बाईने रात्री तीन वाजता अशा माणसाकडे बघून हिंमत धरली, तर त्याला वेड म्हणणं अन्याय आहे. पण आज तुम्ही ज्यासाठी रडता त्यात थोडं त्या रात्रींसाठीचंही आहे का, हे एकदा स्वतःला विचारा. सासूबाईंचं केलंत, त्याबद्दल तुमच्याशी कुणी दोन शब्द बोललं का? हा प्रश्न यजमानांपुढेही ठेवा. त्यांना हान्यू कळला नाही तरी चालेल, पण त्या रात्री तुम्ही एकट्या होता हे कळायला हवं.

आता मुलीकडे येते. तिने क्वाड ॲक्सेल दाखवली आणि तुम्ही उठून गेलात. तुम्हाला ती फितुरी वाटली. तिला काय वाटलं असेल? ज्या आईने तिला लहानपणी शेजारी बसवून उडी ओळखायला शिकवलं, त्या आईकडे ती जगातली सगळ्यात अवघड उडी घेऊन आली होती. दुसऱ्या कुणाला ती दाखवली असती तर त्याला काय कळणार होतं?

मलिनिनने ती उडी सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेत लेक प्लॅसिडला पूर्ण केली, हान्यूने स्पर्धा सोडल्यावर दोनच महिन्यांनी. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. बीजिंगमधला हान्यूचा प्रयत्न बघून आपल्याला प्रेरणा मिळाली, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं आहे. तुम्ही ज्याला हान्यूच्या हातून निसटलेली गोष्ट समजता, ती मलिनिन हान्यूचीच देणगी समजतो. मला वाटतं वारसा या खेळात असाच चालतो. डबल ॲक्सेल पहिल्यांदा डिक बटनने 1948 मध्ये मारली. आज बारा-तेरा वर्षांची मुलं ती मारतात. त्यामुळे बटन लहान झाला का? ऑर्सरचंही बघा. कॅनडाच्या ब्रायन ऑर्सरला 1984 आणि 1988, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये रौप्यावर समाधान मानावं लागलं, दुसऱ्यांदा तर स्वतःच्या देशात, कॅलगरीत. त्याच माणसाने पुढे टोरंटोत दक्षिण कोरियाच्या किम युनाला शिकवलं, तिने 2010 मध्ये सुवर्ण घेतलं. नंतर हान्यू त्याच्याकडे गेला. ऑर्सरचा वारसा त्याच्या गळ्यातल्या पदकांवरून मोजला असता तर तुम्हाला हान्यू या रूपात दिसलाच नसता.

आणि उड्यांच्या पलीकडचंही बरंच आहे, जे तुमच्या मुलीला अजून दिसत नसेल. ते दाखवायला तुमच्याइतकं योग्य माणूस तिला कुठे मिळणार? हान्यू ट्रिपल ॲक्सेलमध्ये कसा शिरायचा ते दाखवा : लांब धाव घेऊन थबकणं नाही, पाठमोरा येताना काउंटर नावाचं वळण घेऊन सरळ हवेत. उतरल्यावरही थांबणं नाही. प्योंगचँगच्या फ्री प्रोग्रॅममध्ये त्याने आबे नो सेईमेई हा जपानच्या इतिहासातल्या हेईआन काळातला ज्योतिषी-मांत्रिक उभा केला होता. जपानी बासरीच्या सुरांवर हात कसे उठतात, श्वास कुठे घेतो, हे तिला थांबवून थांबवून दाखवा. मग तिला म्हणा, आता तू मला मलिनिनच्या उडीत काय बघायचं ते शिकव. झेपेचा कोन, हात छातीशी घेण्याचा वेग, याबद्दल तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असण्याची दाट शक्यता आहे. आणि ऐकताना मधेच ‘पण हान्यू’ म्हणू नका. पहिल्या वेळी हे कठीण जाईल, तरी म्हणू नका. सोळाव्या वर्षी मुलं आपल्याला काही दाखवायला येतात, हेच किती मोठं आहे.

उठून गेल्याबद्दल तिच्याशी लांबलचक बोलायची गरज नाही. ‘तो व्हिडिओ पुन्हा लाव, मी त्या दिवशी नीट बघितला नाही’ एवढं पुरे.

आता जपान. तुम्ही विचारता, ‘निवृत्त झालेल्या माणसाला बघायला जाणं म्हणजे आठवणींवर पैसे उधळणं ना?’ हे गृहीत मला सगळ्यात जास्त खटकलं. 2022 नंतर तुम्ही बघणंच सोडलंत, म्हणून तो आज काय करतो हे तुमच्यापर्यंत पोहोचलं नाही. त्या जुलैमध्ये त्याने एवढंच सांगितलं होतं की स्पर्धेतल्या निकालांमागे यापुढे धावणार नाही, व्यावसायिक स्केटर म्हणून बर्फावर राहीन. नोव्हेंबरमध्ये योकोहामात आणि डिसेंबरमध्ये हाचिनोहेत त्याचा पहिला एकल शो झाला. भूकंपानंतर त्याला सरावाला जागा दिलेली ही दोन गावं. 26 फेब्रुवारी 2023 ला टोकियो डोममध्ये पस्तीस हजार लोकांसमोर तो एकटा उतरला. विचार करा, शॉर्ट आणि फ्री मिळून एका स्पर्धेत तो तुम्हाला जेमतेम सात मिनिटं दिसायचा. एकल शोमध्ये दोन तासांहून जास्त वेळ तोच असतो, एकामागून एक प्रोग्रॅम. असा दम स्पर्धेतही कधी लागला नव्हता.

मार्च 2023 पासून सेंदाईच्याच मियागी प्रांतातल्या रिफू गावच्या एका मोठ्या क्रीडागारात तो भूकंपाच्या स्मरणार्थ शो करतो. 2011 मध्ये त्या इमारतीत मृतदेह ठेवले होते. तिथे बर्फ अंथरून लोकांना बोलावणं म्हणजे काय, हे त्या भागात वाढलेल्या माणसाला आपण समजावायला नको. सेंदाईची रिंकही बघा. 2004 मध्ये पैशांअभावी ती बंद पडली होती. त्याच गावात तयार झालेल्या शिझुका अराकावाने 2006 च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं, त्यानंतर ती पुन्हा उघडली. हान्यूने पुढे आपल्या पुस्तकाचं मानधन त्याच रिंकला दिलं. वारसा शोधायचा असेल तर असल्या गोष्टींत शोधा.

तेव्हा जायला माझी हरकत नाही, उलट मनापासून वाटतं की जावं. पण आरडी आत्ताच मोडू नका. त्याच्या शोची तिकिटं सोडतीने दिली जातात आणि मागणी प्रचंड असते. आधी तिकीट, मग विमान. परदेशातल्या प्रेक्षकांसाठी त्या वेळी वेगळी विक्री आहे का ते अधिकृत संकेतस्थळावरच बघा, अनोळखी माणसाकडून चढ्या भावात अजिबात घेऊ नका. प्रवेशाच्या वेळी नाव आणि ओळखपत्र जुळलं नाही तर दारातून परत यावं लागेल. आरडीची मुदत पूर्ण व्हायला किती अवकाश आहे, व्याज किती बुडेल, हे तर तुम्ही रोज लोकांना समजावता. तोच हिशेब स्वतःसाठी मांडा. मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाचे पैसे या हिशेबात धरायचे नाहीत, ते बाजूलाच राहू देत.

तिकीट नाहीच मिळालं तरी सेंदाई आहे. टोकियोहून शिनकानसेनने दीड तास. तिथल्या इंटरनॅशनल सेंटर मेट्रो स्थानकाजवळ हान्यू आणि अराकावाची स्मृतिशिल्पं आहेत, आणि शेजारीच गोशिकीनुमा नावाचं तळं. जपानमधल्या फिगर स्केटिंगची सुरुवात तिथे झाली असं मानतात. तिथे जा, हवे तेवढे फोटो काढा. पण त्याचं घर, कुटुंब यांचा माग काढणाऱ्या मंडळींच्या नादी लागू नका. 2023 मध्ये त्याचं लग्न झालं आणि काही महिन्यांतच मोडलं. पत्नीला आणि दोन्हीकडच्या घरच्यांना पाळत आणि त्रास सोसावा लागतोय, हे कारण त्याने स्वतःच्या निवेदनात दिलं होतं. त्याला भेटवस्तू द्यायचीच असेल तर त्या रिंकला किंवा भूकंपग्रस्तांसाठीच्या निधीला चार पैसे द्या. चाहत्यांनी त्याच्यासाठी बर्फावर फेकलेल्या पूह नावाच्या खेळण्यातल्या अस्वलांचंही शेवटी तेच व्हायचं, ती तिथल्या मुलांना जायची.

आणि एक. एनएचके ट्रॉफी ही मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी साधारण नोव्हेंबरमध्ये जपानमध्येच होते, गाव बदलत असतं. आज स्पर्धेत असलेली, तुमच्या मुलीला आवडणारी मंडळी तिथे बघायला मिळतात. शोपेक्षा तिथली तिकिटं मिळणं तुलनेने सोपं जातं. सहल आखाल तेव्हा तिला विचारून आखा, तिच्या आवडीचा एक दिवस त्यात ठेवा. नोव्हेंबर म्हणजे दिवाळीच्या आसपास, सुट्टी जुळू शकते. फक्त तिच्या कॉलेजचं सहामाहीचं वेळापत्रक आधी हातात घ्या आणि बँकेत रजेचा अर्ज लवकर टाका, कारण त्या दिवसांत सगळ्यांनाच रजा हवी असते.